तीन पूज्यं

तीन नऊ दोन दोन चार,
पूज्य पूज्य पूज्य.
यंत्रातली बाई रोज सकाळी हे वाचते,
घाईत, नाकात, वॉर्साच्या उच्चारात,
आणि मी ऐकतो, कानांत बोंडं खोचून.
तार्नुफच्या या सहकारी कारखान्यात एकवीस माणसं.
सतरा जणांना दिसत नाही.
मीही त्या सतरांतला.

केरसुणी, कुंचा, खराटा, फडा,
बाटलीचा ब्रश, बुटांचा, भिंतीचा:
बोटांना हे सगळे वेगळे.
सरकारला एकच, तीन नऊ दोन दोन चार.
ब्रसेल्सला कुणीतरी बसून
विकत घेण्याजोग्या साऱ्या जगाचं
आठ आकडी बारसं केलं.
नववा आकडा नुसता राखणदार,
आधीचे आठ चुकले तर भुंकतो.

सुरुवातीला मी शब्दाने शोधायचो.
श्चोत्का, म्हणायचो, म्हणजे ब्रश,
आणि यंत्र पुढ्यात टाकायचं दात घासायचे,
मोटारीतले कोळशाचे,
एकदा तर रस्ता झाडणारा सात टनी ट्रक.
मग शिकलो: शब्द सोडायचा, आकडा धरायचा,
आणि आकड्याचंही शेपूट सोडायचं.
पूज्यं गाळली की दार रुंद होतं,
पोटातले सगळे बाहेर येतात,
एक जोडला की झाडू, दोन जोडला की ब्रश.

तरी वर्षभर आमचा आकडा लागला नाही.

मग फेब्रुवारीत पानी गेनोवेफा
जिन्यावरच्या बर्फाच्या पापुद्र्यावरून घसरल्या.
खुबा. जिल्ह्याचं इस्पितळ. तिसरा मजला.
त्रेपन्न वर्षं त्यांनी लाकडाच्या भोकांत केस ओवलेत,
घोड्याचे, डुकराचे, मग नायलॉनचे.
पहाटे पाचला दाराबाहेरून झाडू गेला
आणि उशीवरूनच त्यांनी निकाल दिला:
डावीकडचे गुच्छ सैल. तार नाही, डिंक आहे.
आपला नाही.
झाडणाऱ्या बाईला हाक मारून थांबवलं,
झाडू पांघरुणावर घेतला,
मानेपासून टोकापर्यंत चाचपला
दुसऱ्याचं पोर चाचपावं तसा.
मग मला फोन. "येरेमी, हे कुणाकडून घेतात?
तुझं ते यंत्र करतं काय?"

मी इस्पितळाचं नुसतं नाव घातलं, आकडा न घालता,
तीन वर्षं मागे गेलो, एकेक सूचना ऐकत.
सापडलं. तीन नऊ आठ तीन.
सफाईची द्रव्यं.
फिनेल, साबण, भांड्यांची पावडर,
आणि परिशिष्ट चार, ओळ एकोणसाठ,
त्यांच्या रांगेत अंग चोरून उभे:
झाडू, लांब दांड्याचे, नग सहाशे.

साबणाबरोबर झाडू येतोच की, असं म्हणून
कुणा कारकुनाने जेवणाआधी तिथे टाकले असतील.
त्याला काय बोलणार? माझी आई
सुया कोकोच्या डब्यात ठेवायची,
आणि घरात फक्त तिलाच सापडायच्या.

आता मी दोन्ही आकडे ऐकतो.
शिवाय नऊ पूज्य सहा दोन, बर्फ हटवण्याचा,
कारण खराटे तिथेही लपतात.
आमच्यासारख्यांसाठी राखीव असा एक रकाना असतो.
खूण असली तर बाई म्हणते, "होय".
बहुतेक वेळा म्हणते, "नाही".

इस्पितळाची नवी सूचना मेमध्ये आली.
मुदत मंगळवार, सकाळचे दहा.
सोमवारी रात्री आम्ही दर भरला,
फक्त भाग तीनचा, साबण दुसऱ्यांना.
पानी गेनोवेफा खुर्चीत, काठी गुडघ्यावर,
एका गुच्छामागे काय पडतं ते पुटपुटत.
"दोन ग्रोश कमी कर," म्हणाल्या.
मग, "नको, राहू दे. आपण तार लावतो."

पाठवलं. बाई म्हणाली, "स्वीकारले".
म्हणजे पोचलं, एवढंच.
यंत्र गप्प झाल्यावर खोलीत उरला
भुशाचा आणि डुकराच्या केसांचा वास.
त्या अजून बसूनच होत्या.
"पूज्य पूज्य पूज्य," म्हणाल्या,
"मागची ती तीन कशाला ठेवतात रे?"

मी म्हटलं, जागा आहे.
अजून कुणी आलं तर.