पहिली तुकडी

शाळा अजून उभी नाही.
चित्र आहे, संगणकावर काढलेलं:
काचेची इमारत, हिरवळ, आणि झाडांच्या सावल्या
अर्ध्या पूर्वेला, अर्ध्या पश्चिमेला.
मी ठिबकचा माणूस. उतार आणि ऊन बघायची सवय,
ते लगेच दिसलं.

कंपनी म्हणते, तीन वर्षं ताश्कंद.
तिकडेही कापूसच आहे, म्हणजे मला अडचण नाही,
बोंड तिथेही बोंडासारखंच फुटत असेल.
प्रश्न कृत्तिकाचा. तिची पाचवी नुकती संपली.

संध्याकाळी सातला, भुसावळच्या या दोन खोल्यांत
भिंती दिवसभराचं ऊन परत करत होत्या
तेव्हा कूलर बंद करून, आवाज नको म्हणून,
आम्ही मुख्याध्यापिकेशी बोललो.
बाई स्कॉटलंडच्या. अकरा वर्षांत सात देश.
मी मनात भागाकार केला.
गेल्या वर्षीचा निकाल? गेलं वर्षच नाही.
किती शिक्षक टिकले? हसल्या. छान हसतात.
दहावीपर्यंत वर्ग असतील?
असतील, दरवर्षी एक वाढेल,
तुमच्या मुलीबरोबरच शाळा मोठी होईल.
वाक्य इतकं सुरेख होतं
की मी पुढचा प्रश्न विसरलो.

ज्योत्स्ना विसरली नाही.
ती पतसंस्थेत कारकून होती,
शटर ओढलं त्या दिवसापर्यंत.
बाहेर पासबुकं घेऊन माणसं उभी होती
आणि रांगेत तिचे वडील, टोकन दोनशे चौदा.
'काचेचं दार,' ती म्हणाली, 'गुळगुळीत पुस्तिका,
पहिल्या पन्नास कुटुंबांना वीस टक्के सूट.
आम्ही पहिल्या पन्नास ठेवीदारांना
अर्धा टक्का जास्त द्यायचो.'
आणि शेवभाजीचा कांदा चिरायला आत गेली.

मी आकडे मांडत बसलो.
फी डॉलरमध्ये, अर्धी कंपनीची.
बस वेगळी, जेवण वेगळं,
आणि एक विकास निधी, जो परत मिळत नाही.
समोरच्या रकान्यात इथली शाळा:
साठ पोरांचा वर्ग, गळका हौद,
आणि सोनवणे सर,
जे केळीची फणी टेबलावर ठेवून अपूर्णांक शिकवतात
आणि उत्तर बरोबर आलं की खायला देतात.
याची किंमत किती लिहू?

कृत्तिका चित्राकडे बघत होती.
'पप्पा, तठी सगळ्याच पोरी नव्या राहतीन?'
सगळ्याच.
'मंग मले कोनी नवी म्हनून हासनार नही.'

मी बामणोदचा. सातवीत या शहरातल्या शाळेत आलो,
हजेरीला 'येऊ राह्यलो सर' म्हणालो
आणि चार बाकं हसली.
दिवाळीपर्यंत मी फक्त मान हलवत होतो.
हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.
तिच्या आईलाही नाही.

अर्जात एक रकाना: घरी बोलली जाणारी भाषा.
यादी उलगडली. मराठी होती,
मंगोलियनच्या थोडी आधी.
आम्ही घरात जे बोलतो ते नव्हतं.
मराठी निवडली, आणि आत ऐकू जाईल असं म्हणालो,
अर्ज भरला म्हणजे पैसे भरले असं नाही.
आतून सुरीचा आवाज तसाच चालू.

शेवटी गणवेशाची मापं.
शेतावरची फीत काढली, पन्नास मीटरची,
टोकाला अजून बांभोरीची माती.
कृत्तिका चौकटीला टाच लावून उभी राहिली,
श्वास रोखून, मान ताठ,
जणू उंचीवरच प्रवेश मिळणार होता.
एकशे अडतीस.

सुरी थांबली.
'सप्टेंबरपर्यंत वाढेल ती,' आतून आवाज आला.
'चाळीस लिही.'