ज्याची त्याला

घानाच्या किनाऱ्याला केटा आहे,
जमिनीची चिंचोळी पट्टी, इकडे खाजण, तिकडे समुद्र.
तिथे एसिनाम अंगण झाडते, उलटं चालत.
माडाच्या हिरांचा खराटा.
तिची पावलं तिच्याच रेघांखाली पुसली जातात.
दारातून बघावं तर वाटतं,
रात्रीपासून इथे कुणी आलंच नाही.

ती घडी मोडतो कोंबडा.
मग एडेम, शाळेचे बूट घालून, बरोबर मधोमध.
"कडेने!" ती ओरडते. रोजचंच.

वाळू कुठेही जाते.
दप्तरात, मक्याच्या पिठात,
झोपलेल्या बाळाच्या कानामागे.
म्हणून चपला उंबऱ्याबाहेर,
माठावर झाकणी,
खाल्लेली थाळी लगेच घासून पालथी,
आणि चटई गुंडाळण्याआधी दोनदा झटकायची,
वाऱ्याची पाठ बघून.
उद्यावर टाकलेली वाळू
उद्या दुप्पट होते, म्हणते.

समोर आधी चार घरं होती.
आता एका भिंतीचा कोपरा,
त्यावर बगळा बसतो,
आणि मग पाणीच.
मी एकदा विचारलं, विचारायला नको होतं:
तो येणारच आहे, मग एवढं कशाला?

तिने खराटा तळहातावर ठोकून
हीर सारखे केले.
"येईल ना.
शेजारीणही न सांगताच येते.
म्हणून काय पसारा दाखवायचा त्याला?"

मग सुपलीभर वाळू घेऊन
ती लाटेपर्यंत गेली
आणि ज्याची त्याला देऊन आली.

परतताना, कडेने.