नव्वद दिवसांची मुदत

आपल्या भाषेत लाईट येते आणि जाते,
थोरल्या आत्यासारखी, न सांगता.
ह्या दरीत ती कधी आलीच नाही,
त्यामुळे गेली म्हणायचीही सोय नाही.

वेल्समध्ये, पॉविसच्या डोंगरात, डांबरी रस्ता संपतो
त्याच्याही सव्वा मैल वर
विदुलाच्या नि माझ्या फंडातून घेतलेलं दगडी घर.
छपरावर बारा पॅनेल, जिन्याखाली बॅटरी,
आणि तिच्या तोंडावर एक हिरवा आकडा
ज्याच्याकडे आम्ही देवाआधी बघतो.

चौऱ्याऐंशी: धुणं लाव.
साठ: भात गॅसवर, मिक्सर उद्या.
चाळीस: उद्याचं उद्या.

जूनमध्ये फार मिजास होती आमची.
ऊन वाया जातंय म्हणून विदुला भर दुपारी
इस्त्री फिरवत बसायची,
टॉवेलांवरून, पायपुसण्यांवरूनसुद्धा.
लेस्टरच्या मंडळींना मी फोनवर सांगायचो,
बिल? कसलं बिल?

डिसेंबरात सूर्य समोरच्या टेकडीआडून
वाकून निघून जातो,
वर्गणीवाले दिसताच गल्ली बदलणाऱ्यासारखा.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल.
इथे अंथरूणच रोज बोटभर आखडतं.

झोपेत माझा श्वास अडतो.
उशाशी एक यंत्र रात्रभर
मास्कमधून हवा ढकलत राहतं.
फार नाही खात, एका बल्बाएवढंच.
पण एकवीस तारखेला पहाटे तीनला जाग आली,
तर विदुला स्वेटरवर शाल घेऊन
जिन्याखाली बसलेली, आकड्यासमोर.
एकोणीस.
फ्रीज बंद केला होता तिनं, राऊटर बंद केला होता,
देवाजवळचा जिऱ्याएवढा बल्बही मालवला होता.
"झोप तू," म्हणाली. "पुरेल."

मग जानेवारीत वीजकंपनीचं पत्र.
नऊ खांब. अडतीस हजार पौंड.
दर नव्वद दिवस वैध.
जमिनीखालून केबल हवी असल्यास वेगळा अर्ज करावा,
ह्या वाक्याच्या सुरावरूनच
आम्ही तो केला नाही.

सातवा खांब एम्रिसच्या शेतात.
गेटावर कोपरं टेकून तो म्हणाला,
सही देतो, त्याचं काही नाही.
माझ्या आईनं एकसष्ट साली नाही म्हटलं होतं,
तारेखाली मेंढ्या व्यायच्या नाहीत म्हणून.
मग बराच वेळ मेंढ्यांकडे बघून:
वादळात खांब पडला
तर चार दिवस इकडे कुणी फिरकत नाही.
पॅनेल काढू नका.

म्हणजे दोन्ही. म्हणजे दुप्पट.
तीस वर्षं दुसऱ्यांचे पगार काढलेली विदुला
पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडते:
अडतीस हजारांत किती बॅटऱ्या,
किती डिझेल, जनरेटरला शेड किती.
शेवटच्या ओळीत तिनं 'मास्क' लिहिलं
आणि पुढे रक्कम घातली नाही.

मी म्हटलं, एकदा तार आली
की सकाळी उठून आभाळाकडे कोण बघणार?
"मी बघीन," ती म्हणाली. "धुणं वाळेल का ते.
आभाळ काय बॅटरीसाठीच असतं?"

मुदत संपते नेमकी ऊन आल्यावर.
आज नव्वदावा दिवस, आणि दीड वाजता
आकडा शंभर.
विदुलानं मिक्सर काढलाय.
खोबरं झालं, लसूण झाली, भिजवलेली डाळ झाली,
आता वाटायला काही उरलं नाही
म्हणून साखर.
फॉर्म टेबलावरच आहे.
माझी सही झालीय, तिची बाकी.
थरथरीनं कागद
हळूहळू कडेकडे सरकतोय.
ती बघतेय, मीही बघतोय.

ऑफिस पाचला बंद होतं.