पातळी

आमच्या मोजपट्टीवर नऊ पातळ्या असतात.
पहिली: कल्पना सुचली, कागदावर बसली.
नववी: यानातून जाऊन आली, चालली,
कुणी दगावलं नाही.
मधल्या सगळ्या
माझ्यासारख्यांच्या नोकऱ्या.

घामाचं, लघवीचं, श्वासातल्या वाफेचं
पुन्हा पाणी करणारी आमची गाळणी
सहावर होती.
सहा म्हणजे खऱ्यासारख्या जागी चालून दाखवणं.
खऱ्यासारखी जागा म्हणून मिळालं
झरी-जामणीकडचं एक गाव,
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
फ्लोराइडचं पाणी,
आणि लेतूबाई आत्राम, हापशीमिस्त्री.
बावीस हापशा तिच्याकडे, सायकल एक.

तिनं गाळणीकडे पाहिलं
बाजारात सीताफळ पाहावं तसं,
डोळे उघडले का.
मग विचारलं,
"उघडाले पाना कोन्ता लागते?"
म्हटलं, उघडायची वेळच येणार नाही.
"असं त हापशी बसवनारा बी म्हने."

"वरतं तुमच्या मान्सायपाशी मिस्त्री रायते का?"
नाही.
"मंग हात वले अस्ताना खुल्लं पायजे.
अंधारात खुल्लं पायजे.
एका हातानं."
आणि दुसरा हात?
"त्यानं धरून रायते मानूस."
मी सांगणार होते, तिकडे कुणी पडत नाही.
तरंगत जातात.
म्हणजे धरावंच लागतं.
लिहून घेतलं.

शाळेतल्या पोरांनी चाखलं.
सूर्यभान, दातांवर तपकिरी रेघा,
गुळणी करून म्हणाला, "याले चवच नाही!"
चवीचा रकाना नव्हता.

अकराव्या दिवशी वायसर चिरला.
नवा यायला सहा आठवडे,
सही तीन साहेबांची.
लेतूबाईनं जुन्या हापशीची वाटी ब्लेडनं कापली,
थुंकी लावून बसवली.
पंचवीस दिवस झाले, थेंब नाही.
अहवालात सामग्रीपुढे काय लिहू?
"वाटी" लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

सहा पुसून पाच केले.
रात्री फोन आला, खाली का आणलं?
रेंज येत होती फक्त हापशीच्या ओट्यावर,
तिथं उभी राहून कारणं सांगत होते,
आणि शेजारी लेतूबाई
कोरडा दांडा मारत मोजत होती,
पाणी वर यायला किती लागतात ते.
तिची मोजपट्टी तेवढीच.

"सतरा," ती म्हणाली, मला नाही, हापशीला.
"मांगच्या साली नऊ होते."