सुटे पैसे

मडगावात, पोदेराच्या भट्टीवर माझी खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
म्हणून येणारे विचारतात, कोंबड्या कुठं?
तिथं मार्च संपताना खुशाली वेळीप आला,
एका काखेत घुमट, हातात ओल्या काजूंची पिशवी,
जिना चढून बराच वेळ दारातच उभा.
मग म्हणाला, गाणी आठ आहेत.
श्वास सहांपुरता.
बघ कसं बसवतोस.

एकतीस वर्षं कदंबच्या बसवर कंडक्टर.
मडगाव, तिळामळ, रिवण, नेत्रावळी.
खनिजाच्या ट्रकांमागे गाडी अडली
की तिकिटाच्या पाठीवर एक कडवं,
धूळ खाली बसेपर्यंत दुसरं.
त्याच्याकडे वह्या नाहीत, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे.
पुढच्या बाजूला चार रुपये, साडेसात, अर्धं तिकीट,
मागं पेन्सिलीनं
कुणाच्या तरी शेतात शिरलेली लाल माती.

आधीच्या पाच कॅसेटी मी ऐकल्या होत्या.
जत्रेत खाज्यांच्या दुकानाला लागून मिळायच्या.
पहिलीवरचा आवाज असा
की मागच्या बाकावर पेंगणारा माणूस
दचकून आपल्याच थांब्यावर उतरावा.
आता उरला होता तेवढा
तो मोजून, सुट्या पैशांसारखा,
माझ्या तळव्यावर ठेवत गेला.

पहिल्या दिवशी दोन गाणी.
दुसऱ्या दिवशी अर्धं.
तिसऱ्या दिवशी नुसता घुमटाचं तोंड चाचपत बसला:
"पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं.
आता बकरीचं. कायदा बरोबरच आहे,
घोरपड शेजारीण माझी.
पण बकरी बोलताना जरा लाजते."
हे मी पुसलं नाही.
चौथ्या गाण्याच्या आधी ऐकू येतं.

खोकला काढून टाकू का, मी विचारलं.
डॉक्टरनं फोटो दाखवून सांगितलेलं,
फुप्फुसांत काय साठलंय ते.
"एवढी वर्षं बरोबर गायली ती.
तिचंही नाव घाल."
म्हणून कव्हरच्या मागं बारीक अक्षरात छापलंय:
शामेळ – भाचा शाणू.
कांसाळें – उमाकांत, मोबदला घेतला नाही.
धूळ – रिवणची.

सातव्यात, अगदी वरच्या सुरावर,
खाली पोदेराचा भोंगा वाजला. पों-पों.
परत घेऊया म्हटलं.
नको म्हणाला, तो वेळेवर आलाय,
मीच उशिरा पोचलो.

आठव्याचं तिकीट कसरीनं खाल्लेलं.
भोकं उजेडात धरून त्यानं वाचलं,
"न… …लीकडे… दिवा… …गे बाय",
आणि जे गेलं होतं
तिथं तिथं फक्त घुमट वाजवलं.
दोन ठिकाणी बराच वेळ.

दर गाण्याच्या शेवटी तो अंगठीनं
स्टीलच्या पेल्यावर एकदा टोला द्यायचा. टिंग.
गाडी थांबली. मी मशीन बंद करायचो.
आठव्यानंतर दिले दोन.
चुकला असेल, म्हणून मी बघत राहिलो
आणि मशीन चालूच राहिलं.
पुढं चार मिनिटं आहेत:
पंखा, चपला शोधणं,
जिन्याची पावलं, मधे विसावा, पुन्हा पावलं,
आणि भट्टीच्या दारातून अंधूक,
दोन पोय दे. कडक.

चवथीच्या आधी गेला.
डिस्क तोपर्यंत आल्या नव्हत्या.
दोनशे छापल्या, माझ्या पलंगाखाली एकशे चाळीस आहेत.

त्याची खुशाली विचारायला आता कुणी नाही,
तरी मी रिवणला जाऊन आलो.
सत्यवतीबायकडे डिस्क लावायला यंत्र नाही.
तिनं ती दोरीत ओवून परसात टांगलीय,
मिरचीवर, माकडांसाठी.
उन्हात गरगरते, भिंतीवर कवडसे फिरतात.
मी विचारलं, मग येत नाहीत का माकडं?
येतात की, म्हणाली.
येऊन बसतात.