आप्पा पुरेची यादी

बेगमपुऱ्यात, खामच्या पुलाअलीकडं माझं टायपिंगचं दुकान.
पानाला बारा रुपये, बाइंडिंग वेगळं.
विद्यापीठातल्या निम्म्या पीएच.डी. माझ्या बोटांतून गेल्या,
डोक्यात एकही राहिली नाही.

त्याचं नाव अक्पोफुरे.
गल्लीनं दोन दिवसांत केलं आप्पा पुरे,
दूधवाल्यानं वहीतही तसंच लिहिलं, उधारीसकट.
अर्थ विचारला, तर म्हणाला : जगणं निवांत आहे.
तेव्हा लाइट गेलेली,
नळाला पाणी नसल्याचा सातवा दिवस,
आणि गाइडनं तिसरं प्रकरण तिसऱ्यांदा परत केलेलं.

तिसरं प्रकरण : उर्होबो समाजातील नामवंत.
इंग्रजी त्याची, बोटं माझी.
एक, वकील. यानं भर कोर्टात गोऱ्या साहेबाला सांगितलं,
नदीचा नकाशा तुम्ही उलटा धरलाय.
चार, ब्राँझ ओतणारा.
सात, गोलकीपर, डाव्या हाताला एक बोट कमी.
त्यांच्या काही अक्षरांखाली टिंब लागतं.
माझ्या फॉन्टात ते नाही,
तर निम्मे थोर लोक चौकोनी डबे होऊन बसले.
राहू द्या, तो म्हणाला,
आधीही असंच झालंय.

बावीसला यादी संपली.
मग खुर्ची ओढून जवळ आला,
उधारी मागताना उतरतो तसा आवाज उतरला.
तेवीस. ओमोनिघो. माझी आजी.

संदर्भ? मी विचारलं. तळटीप लागते ना.

कसावा किसते, पिळते, म्हणाला,
खाली बसलेलं सत्त्व पाम तेलात घोटते, पिवळं होईस्तोवर.
खाडीत पाइप फुटला त्या साली
वल्ह्याला आपलं लुगडं बांधून काठावर उभी,
पोरांनो, इथलं पिऊ नका.
तिथं पाणीच पाणी. वर तेलाची साय.
मी त्याला आमचा कोरडा हौद दाखवला.
दोघं हसलो.
कुणाचं जास्त वाईट, ते ठरवत बसलो नाही.

आजोबा उजे रचायचा.
पलीकडच्या आळीला गाण्यातून सोलून काढायचं,
मग त्यांनी तुम्हाला.
म्हणलं, हे तर आमचं कलगी-तुरा की!
असेल, म्हणाला. पण माझ्या आजोबावर रचलेलं गाणं इतकं चांगलं होतं
की मरेपर्यंत तो स्वतःच ते गुणगुणायचा.

गाइडनं तेवीसवर लाल रेघ मारली : पुरावा नाही.
यानं नाव काढलं. आकडा ठेवला.
फाइलमध्ये अजून आहे,
तेवीस, पुढं टिंब, पुढं काही नाही.

एक सांगायचं राहिलं.
पहिल्या दिवशी आई दुपारचा डबा घेऊन आली,
तिचे पांढरे केस बघून हा
कागदाच्या कपट्यांत गुडघा टेकून बसला.
मिगवो.
आई दचकली, भाकरीचा डबा काउंटरवर आदळला.
ऊठ बाबा, ऊठ, फरशी गार हाय.
हा उठेना. बघतच राहिला तिच्याकडं.
पुढं कळलं, थोरल्यांनी तिकडं असंच म्हणायचं असतं.
व्रेंडो. ऊठ.
फरशीचं तेवढं आईचं.

परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला.
अंगण, केळी, खुर्चीत एक म्हातारी,
कपाळावर हाताची सावली धरून आम्हाला शोधतेय.
आईनं विचारलं, किती वर्षांची?
ब्याऐंशी.
मग मीच धाकटी की, आई म्हणाली,
आणि काउंटरला धरून वाकली,
सत्तरीचा गुडघा असा वाजला
की फोनमधून तिकडं ऐकू गेला असावा.
म्हातारी एक शब्द बोलली.
आई उठली.

मग रेंज गेली.
पदर सारखा करत आई म्हणाली,
तिच्याकडं खाली माती दिसली रे.
बरी असते गुडघ्याला.