एक म्हणजे किती

ओउलूच्या विद्यापीठात, तिसऱ्या मजल्यावर,
मार्च महिन्यात, खिडकीबाहेरचा बर्फ इतका जुना
की त्याला पांढरा म्हणवत नाही,
सहा जण बसले होते 'एक' ठरवायला.
मी इतिवृत्त लिहिणारी.

काम सरळ होतं. नव्या कोशात
'एक' या नोंदीखाली
सगळ्या शाखांना चालेल असं एक वाक्य.
सेप्पो इथेच हसला.

सेप्पो गणिताचा. म्हणाला,
रिकाम्या डब्यापासून सुरू करा.
आत काही नाही, नावालाही नाही.
आता हा रिकामा डबा दुसऱ्या डब्यात ठेवा.
झालं. त्या दुसऱ्यात आता एक वस्तू आहे.
आम्ही सगळे बघत राहिलो
टेबलावर नसलेल्या डब्याकडे.

पिर्कोने पर्समधून पुडी काढली:
दगडफूल, राखाडी, कुरकुरीत,
बसथांब्यामागच्या खडकावरून सकाळीच खरवडलेलं.
शाळेत शिकले, ही एक वनस्पती.
पदवीला कळलं, दोघं आहेत:
बुरशी घर बांधते, शैवाल रांधतं.
निवृत्तीला आठ महिने उरलेले, आणि एका पोराने
भिंगाखाली तिसरं दाखवलं,
सालीत मुरलेलं यीस्ट.
लेबलवर मात्र अजून बुरशीचंच नाव लिहितो आम्ही.
सातबारा थोरल्याच्या नावावर असतो
तसंच काहीसं, मी मनात म्हटलं.

कायद्याच्या रीक्काला फोडून बघणं मान्य नव्हतं.
कंपनी एक. नगरपालिका एक.
मेलेल्या माणसाची मिळकत
वाटण्या होईपर्यंत एक.
सही कोण करणार तेवढं सांगा,
मी लगेच मोजते.

भाषेच्या ओस्मोने नील्लासकडे बोट केलं.
ह्याच्या सामी भाषेत 'मी' आणि 'आम्ही' यांच्या मधे
'आम्ही दोघंच' असा वेगळा शब्द आहे.
आम्ही फिनिश लोक एकावरून थेट गर्दीत उडी मारतो.

नील्लासला बोलावलं होतं
कारण पिर्कोचं दगडफूल त्याचे रेनडिअर खातात.
सेप्पोने सहज विचारलं, किती आहेत तुमच्याकडे?
ओस्मोने टेबलाखालून लाथ मारली.
कुणाचं पासबुक असं मागत नाहीत.
नील्लास बराच वेळ बर्फाकडे बघत होता.
मग म्हणाला,
झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत.

आउने शेवटी बोलली. तिचा विषय रक्त.
आमच्याकडे, ती म्हणाली,
शरीर ज्याला परकं म्हणून हाकलत नाही
ते सगळं मिळून एक.
पण बाळाच्या पेशी आईत राहून जातात.
वीस वर्षं, तीस वर्षं. हाकलत नाही कोणी.
तुलनेसाठी एक साधा नमुना हवा होता,
म्हणून मी माझंच रक्त घातलं.
त्यात पुरुषाचं गुणसूत्र निघालं.

तुला मुलगा आहे? रीक्काने विचारलं.
आउने बशीतला वेलदोड्याचा पाव
या कडेवरून त्या कडेवर सरकवत होती.
नोंदीत नाही, म्हणाली.

हीटरचा आवाज तेवढा राहिला.
सेप्पोने चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

माझ्या भाषेत धान्य मापताना
पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत.
म्हणतात, लाभ.
मोजणी दोनापासून सुरू होते.
हे सांगावं असं वाटलं, पण इतिवृत्त लिहिणारीने
बोलायचं नसतं.
मी लिहिलं: एकमत झालं नाही.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.

उपस्थितांची संख्या, या रकान्यात
पेन टेकवलं आणि उचललं.
आउने कोटाची बाही शोधत होती,
हात दोनदा चुकीच्या जागी गेला.
पिर्कोने पुडी बांधताना
टेबलावरची राखाडी भुकटीही बोटाने गोळा केली.
उरलेला पाव कोण नेणार, ओस्मोने विचारलं.
तुकडा एकच होता.
नील्लासने तो मोडला.